फळ्यावर स्वतःच्या चुका लिहिणाऱ्या बाई

आमच्या मुलीच्या शाळेच्या दारात एक काळा फळा आहे. इतर शाळांत अशा फळ्यावर सुविचार लिहितात. आमच्या मोठ्या बाई त्यावर स्वतःची चूक लिहीत.

रोज नाही. झाली असेल तरच. पण झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत ती तिथे असायची, मोठ्या ठसठशीत अक्षरात. ‘काल मी तिसरीतल्या एका मुलाला न विचारताच रागावले. पट्टी त्याने घेतली नव्हती. चूक माझी.’ खाली सही. एकदा लिहिलं होतं, ‘भागाकार शिकवताना मी एक उदाहरण चुकीचं सोडवलं. चौथीतल्या मुलीने दाखवून दिलं.’ मुलांना सोडायला आलेले आईवडील ते वाचून हसायचे. कोणी म्हणायचं, बाईंचं डोकं फिरलंय. मी हसायची नाही, कारण मला वाचायला वेळ लागायचा. माझं वाचून होईपर्यंत बाकीचे हसून निघून गेलेले असायचे.

मी चौथीपर्यंत शिकले, गावाला, देवगडच्या बाजूला. परळला लग्न होऊन आले. घरी बसून साड्यांना फॉल लावते. माझी मुलगी पाचवीत गेली त्या दिवशी ती माझ्यापुढे गेली. त्या दिवशी मी तिच्यासाठी शिरा केला होता, कशासाठी ते तिला सांगितलं नाही.

बाई सुती साडी नेसायच्या आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, मुलं पी.टी.ला घालतात तसे. मनगटावर पुरुषी घड्याळ. ऑफिसात त्यांना खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर मुलांच्या हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असायच्या. स्वतः स्टूल घेऊन दाराशी बसायच्या. पहिलीतल्या मुलांना त्या ‘अहो’ म्हणत. ‘अहो साहेब, नाक पुसा.’ ‘अहो बाईसाहेब, लेस सुटली तुमची, पडाल.’ आणि संस्थेचे अध्यक्ष, चाळिशीचे गृहस्थ, त्यांना मात्र ‘तू’. ते कधीकाळी चौथीत बाईंच्या वर्गात होते. अध्यक्ष गाडीतून उतरले की बाई स्टुलावरूनच विचारायच्या, “काय रे, आज कसा आलास?” ते बिचारे इकडेतिकडे बघत आत जायचे.

पालक तक्रार घेऊन गेले की बाई आधी एकच प्रश्न विचारत.

“तुमच्या मुलाच्या शेजारी कोण बसतं?”

“बाई, मी गणिताच्या मार्कांबद्दल आलोय.”

“हो, ऐकलं. शेजारी कोण बसतं?”

माहीत नसेल तर म्हणायच्या, “विचारून या. मग मार्कांचं बोलू.” काही लोक चिडून परत यायचेच नाहीत. एकदा मी फीची पावती घ्यायला गेले होते, तेव्हा मलाही विचारलं. मला माहीत नव्हतं. मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला प्रश्नाची भीती वाटली नाही, उत्तर द्यावं लागेल याची वाटली. माझा आवाज चार माणसांत निघत नाही. आमच्या चाळीत हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायची.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी शाळेत झालेली एक गोष्ट.

एक दिवस शिपाईमामा रजेवर होते, म्हणून दार बाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. मधल्या सुट्टीत नळाजवळ एक मूल घसरून पडलं. बाई तिकडे धावल्या आणि दाराची कडी लावायची राहिली. तेवढ्यात पहिलीतला एक मुलगा सरळ बाहेर चालत गेला. शाळेच्या पलीकडे टॉवरचं काम चालू आहे, सिमेंटचे मोठे मिक्सर सारखे आतबाहेर करत असतात. कोपऱ्यावरच्या फुलवाल्या मावशीने त्याला एका मिक्सरच्या पुढून हाताला धरून ओढलं आणि शाळेत आणून सोडलं. मुलाला काही झालं नाही. त्याला वाटत होतं, शाळा सुटली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं, ‘काल माझ्या हातून दार उघडं राहिलं. एक मूल रस्त्यावर गेलं. चूक माझी.’

त्या दिवशी कोणी हसलं नाही. तीन-चार जणांनी मोबाइलवर फळ्याचा फोटो काढला.

आणि त्याच आठवड्यात बाईंनी पाचवीचे स्कॉलरशिपचे दुपारचे तास आठ दिवसांसाठी बंद केले. त्या वेळेत त्या पाचवीतल्या मुलांच्या घरी जाऊ लागल्या, एकेकाच्या, चालत. कोणाकडे का जातात ते आधी कळवत नसत. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. पालक संतापले.

आमच्याकडे आल्या तेव्हा मी सुका जवळा भाजत होते. वास सगळ्या मजल्यावर पसरला होता. दारात ते पांढरे बूट दिसले आणि मी तवाच झाकला.

“झाकता कशाला? जवळा ना?” बाई आत येऊन खालीच बसल्या. “कांदा भरपूर घालता की कोकम?”

“दोन्ही,” मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

त्यांनी ताटलीत घेऊन खाल्ला, भाकरीबरोबर. मुलगी कोपऱ्यात उभी होती, वर्गाची मॉनिटर ती, तिला वाटलं बाई तिचं कौतुक सांगायला आल्यात. मलाही तसंच वाटलं. खाऊन झाल्यावर बाई म्हणाल्या,

“तुमच्या मुलीच्या वर्गात एक नेपाळी मुलगी आहे. तिने डबा उघडला की तुमची मुलगी नाक दाबते. तिला मोमो म्हणते. ती दाबते म्हणून बाकीच्याही दाबतात.” मग माझ्याकडे बघून, “मी रागवायला आले नाही. मुलं हे कुठून तरी उचलतात. तुम्हाला माहीत असेल तर बघा.”

हात धुतले आणि गेल्या.

मला माहीत होतं. शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये मी साड्या द्यायला जाते. तिथे पाण्याच्या पंपाच्या खोलीशेजारी वॉचमनचं बिऱ्हाड आहे, नेपाळकडचं. ती मुलगी त्यांचीच. त्यांच्याकडे पाल्याची आंबवून वाळवलेली भाजी शिजते. त्याचा वास आला की मी पदर नाकाला लावायची आणि घरी येऊन म्हणायची, “शी, काय कुजवून खातात ती चिनी माणसं.” मुलगी अभ्यास करत बसलेली असायची.

आणि हे मी म्हणायची! दादरच्या एका बाईंनी माझं काम याच कारणासाठी बंद केलं होतं. “तुम्ही आणलेल्या साड्यांना सुक्या मासळीचा वास येतो हो,” असं त्या दारातच म्हणाल्या, आतून कोणीतरी हसलं. त्या दिवशी मी दादरहून परळपर्यंत चालत आले, बसमध्ये आपला कोणाला वास येईल म्हणून. ते मी विसरले नव्हते. तरी पदर नाकाला जायचाच. माझा नवरा मॉलच्या दारात गणवेश घालून उभा राहतो, म्हणजे तोही वॉचमनच. तेही मला कधी सुचलं नाही.

बाई गेल्यावर मुलगी रडायला लागली.  ती आपणहून म्हणाली,

“आई, तो छोटा बाहेर गेला ना, ते तिने बघितलं होतं. जिन्यातून. मला सांगायला आली होती.”

“मग?”

“मॉनिटरला सांगितल्याशिवाय खाली जायचं नाही, असा नियम आहे. म्हणून आली. आम्ही जेवत होतो. मी नाक दाबलं आणि म्हटलं, मोमो, लांब उभी राहून बोल. सगळ्या हसल्या. मग ती काही बोललीच नाही. परत जाऊन बसली.”

“बाईंना सांगितलंस?”

“नाही.” आणि मग, “तू पण नको सांगू.”

मी सांगितलं नाही. तिचं मॉनिटरपद जाईल, स्कॉलरशिपच्या तोंडावर शाळेत नाव खराब होईल, असं मनात आलं. आई म्हणून जे येतं तेच आलं.

बाई त्या वर्षी अठ्ठावन्नच्या झाल्या होत्या. संस्थेने मुदतवाढ दिली तर राहणार, नाहीतर वर्षअखेर घरी. अध्यक्षांनी शनिवारी पालकांची सभा बोलावली. शाळेने आधी कशाकडे लक्ष द्यायचं ते पालकांनी सांगावं आणि बाईंबद्दलही बोलावं, मग संस्था ठरवेल.

हॉल भरला होता. मी भिंतीकडेची खुर्ची धरली. बाई व्यासपीठावर बसल्या नाहीत, स्टूल घेऊन बाजूला बसल्या.

पहिल्यांदा विमा कंपनीतले एक गृहस्थ उठले. त्यांचा मुलगा आमच्या मुलीच्या वर्गात आहे. त्यांच्या हातात कागद होता.

“ही मोठ्या बाईंच्या चुकांची यादी आहे. एकवीस चुका. मी एकही मनाने घातलेली नाही, सगळ्या त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलेल्या आहेत. फोटो आहेत माझ्याकडे.”

लोक हसले. बाई म्हणाल्या, “एकवीस नाही, जास्त आहेत. पावसाळ्यात फळा पुसला जायचा.”

“हसण्यावारी नेऊ नका बाई,” ते म्हणाले. “आमचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली. आमच्याकडे मुलाच्या शिक्षणाशिवाय काय आहे? आठ दिवस तुम्ही स्कॉलरशिप बंद ठेवलीत. ही मुलं शिकली नाहीत तर मॉलच्या दारात उभी राहतील, लोकांच्या पिशव्या तपासत.”

मी खाली बघितलं. माझ्या पायात मॉलच्या सेलमधल्या चपला होत्या, नवऱ्याने आणलेल्या.

मग रस्त्यावर गेलेल्या मुलाची आई उठली. ती ओरडली नाही, म्हणून जास्त लागलं. “माझा मुलगा त्या मिक्सरखाली गेला असता तर तेही फळ्यावर लिहिलं असतंत?”

“लिहिलं असतं,” बाई म्हणाल्या. “आणि त्यानंतर खडू हातात धरला नसता.”

“मला कॅमेरे हवेत. दाराला दोन माणसं हवीत. बाकीचं मला कळत नाही.”

“पण आठ दिवस कशासाठी घालवलेत ते तरी सांगा!” मागून कोणीतरी म्हणालं. “एका नेपाळी मुलीला पोरांनी चिडवलं म्हणून? लहान मुलांचं चालायचंच. मला शाळेत काळू म्हणायचे. मेलो का मी?”

“नाही, पण अजून आठवतंय तुम्हाला,” बाई म्हणाल्या.

यावर थोडे लोक हसले, जास्त लोक चिडले. अध्यक्षांनी टेबल वाजवलं. मग त्यांनी सरळ विचारलं, “बाई, मुलगा दाराबाहेर गेला तेव्हा एवढ्या मुलांपैकी कोणीच पाहिलं नाही? याची चौकशी केलीत तुम्ही?”

 बाईंनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली, फक्त माझ्या खुर्चीकडे बघितलं नाही. अगदी ठरवून नाही बघितलं. तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. ज्या दिवशी त्या आमच्याकडे भाकरी खाऊन गेल्या, त्या दिवशीही माहीत होतं.

“दार माझ्याकडे होतं,” त्या म्हणाल्या. “मुलांकडे नव्हतं. चूक माझी.”

“म्हणजे बावीस,” विमा कंपनीतले गृहस्थ म्हणाले.

अध्यक्षांनी हॉलमधल्या फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या. अभ्यास. सुरक्षितता. मुलांची एकमेकांशी वागणूक. शाळेने आधी काय बघावं, हात वर करा. अभ्यासाला निम्मा हॉल वर झाला. सुरक्षिततेला उरलेला निम्मा. “आणि ते तिसरं,” अध्यक्ष म्हणाले, खडू ठेवतच.

शेवटच्या रांगेत वॉचमनची बायको बसली होती, स्वेटर घालून. तिने हात खांद्यापर्यंत वर नेला, बाजूला बघितलं, आणि केस नीट केल्यासारखं करून खाली घेतला.

तो हात मी ओळखला. असा हात मी आयुष्यभर खाली घेत आले आहे.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मोठा झाला, सगळे वळले, त्यामुळे परत बसता आलं नाही.

“त्या यादीत एक चूक राहिली,” मी म्हटलं. “ती बाईंची नाही. माझी आहे.”

“मोठ्याने बोला ताई!” कोणीतरी म्हणालं.

मी मोठ्याने बोलले. जेवढं निघेल तेवढ्या मोठ्याने. मुलगा बाहेर चालला होता ते एका मुलीने पाहिलं. ती मॉनिटरला सांगायला आली. मॉनिटर माझी मुलगी. माझ्या मुलीने नाक दाबलं, तिला लांब उभं केलं, म्हणून ती न सांगता परत गेली. नाक दाबायला तिला शाळेने शिकवलं नाही, मी शिकवलं, घरी, पदर लावून. “बाई आठ दिवस हेच शोधत हिंडत होत्या. तुम्ही हात वर केलेत, अभ्यासाला वेगळे, दाराला वेगळे. पण ती मुलगी बोलली असती तर मुलगा दारातच सापडला असता. मला एवढंच सांगायचंय.”

 मला वाटलं, आता बाई मला आधार देतील. त्यांनी विचारलं,

“कोणती मुलगी?”

“ती... वॉचमनची.”

“नाव काय तिचं?”

मला नाव माहीत नव्हतं. एवढं सगळं बोलले आणि नाव माहीत नव्हतं. 

“विचारून या,” बाई म्हणाल्या. “आई मागे बसल्यात. आम्ही थांबतो.”

“बाई, वेळ बराच झालाय...” अध्यक्ष म्हणाले.

“तू थांब रे जरा.”

मी भिंतीच्या कडेने नाही, मधल्या रस्त्याने गेले, कारण कडेला खुर्च्या होत्या. तेवढं अंतर मला लालबागच्या पुलाएवढं वाटलं. ती घाबरून उभी राहिली. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, “तुमारी बेटी का नाम क्या है?”

तिने आधी माझ्याकडे नीट बघितलं, मी चेष्टा करते का ते. मग म्हणाली, “मनमाया.”

मी वळून सगळ्यांना सांगितलं, “मनमाया.”

“धन्यवाद,” बाई म्हणाल्या. “आता बसा. आणि पुढच्या वेळी हात वर करून बोला.”

सगळे हसले, मीही. त्या छोट्या मुलाची आई मात्र हसली नाही. ती पुढच्या रांगेतून उठली, मागे आली आणि मनमायाच्या आईच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. दोघी काही बोलल्या नाहीत, कारण एकीला मराठी येत नव्हतं आणि दुसरीला रडू येत होतं. विमा कंपनीतल्या गृहस्थांनी कागदाची घडी घातली. तरी म्हणालेच, “मला अजून वाटतं आठ दिवस गेले ते गेले.”

“गेले,” बाई म्हणाल्या. “रविवारी सकाळी मुलांना पाठवा, भरून देते. आणि कॅमेऱ्यांचंही बरोबर आहे त्यांचं. दाराला दोन माणसं मलाही हवीत. मी मागून मागून थकले.” हे शेवटचं अध्यक्षांकडे बघून.

मला लोक विचारतात, तुमच्या बाई एवढ्या काय मोठ्या? मी त्यांना बुटांचं सांगते, स्टुलाचं सांगते. खरं कारण सांगत नाही. त्यांना फक्त एक नाव घ्यायचं होतं, माझ्या मुलीचं, की त्यांची नोकरी वाचत होती. त्यांनी एकवीस चुकांत बाविसावी स्वतःच्या नावावर घातली आणि स्टुलावर सरळ बसून राहिल्या. दोन लहान मुलींना सभेत उभं करायचं नाही म्हणून. मी पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली आहेत, त्यांच्या साड्यांना, त्यांच्या बायकांच्या साड्यांना फॉल लावले आहेत. असं करताना कोणाला पाहिलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तू बोललीस? तू?” आणि परत परत सगळं विचारत राहिला, मध्येच कोण काय म्हणालं, मी कुठे उभी होते. मॉलच्या दाराचं वाक्य मी गाळलं.

मुलगी मात्र माझ्याशी बोलेना. “सगळ्यांसमोर माझं नाव का घेतलंस?” एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. बाईंनी तिचं मॉनिटरपद काढलं नाही. तिने ते स्वतःच परत दिलं, रागाने दिलं की शरमेने, मला विचारायची हिंमत झाली नाही. पाच दिवस ती माझ्या हातचं जेवली, पण माझ्याकडे न बघता. मी रोज मनात म्हणायची, आपण चुकलो का? बाई गेल्या तर हे सगळं कशासाठी?

सहाव्या दिवशी ती शाळेतून आली. मी गॅलरीत साडी पसरून फॉल टाचत होते. दप्तर टाकलं, पाणी प्यायली, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली,

“बाई राहणार आहेत. दोन वर्षं. आज वर्गात येऊन सांगितलं.”

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. “आणखी काय म्हणाल्या?”

“काही नाही.” मग टाकलेलं दप्तर उचलून ठेवत, अजून रागातच, “मला म्हणाल्या, तुझी आई धीट आहे.”

“काय?” मी म्हटलं. “नीट ऐकू नाही आलं.”

ती वळली आणि जवळजवळ ओरडून म्हणाली, “तुझी आई धीट आहे, असं म्हणाल्या!” पलीकडच्या खोलीतल्या वहिनी दारात आल्या, काय झालं म्हणून.

मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.